न नेलेले चार केक

३ मार्च, सोमवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटे.

क्रीमच्या पिशव्या गरम पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घातल्या आहेत. त्या निथळेपर्यंत मला थांबावे लागते, म्हणून पिठाच्या पोत्यावर बसून हे लिहीत आहे. वही ताईने दिली. म्हणाली, "दिवसभर दुसऱ्यांचं लिहितोस, थोडं स्वतःचंही लिही."

माझे काम बेकरीत केकवर लिहिण्याचे. नववीत शाळा सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ सुटले नाही. त्यामुळे इथे मला लेखक म्हणतात. भट्टीवाले मामा लेखकमहाराज म्हणतात. त्यात आदर किती, हे अजून माझे ठरलेले नाही.

दुकानाचा एक नियम आहे. गल्ल्यावर ऑर्डर घेणाऱ्याने मजकूर मला वाचून दाखवायचा, मी केकवर लिहायचा, आणि डबा बंद करण्यापूर्वी केकवरचे मोठ्याने वाचून दाखवायचे. समोरच्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय डब्याला दोरी बांधायची नाही. माझ्या आधी इथे जो होता, त्याने एका आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या केकवर 'नव्या बाळाचे स्वागत' असे लिहून पाठवले होते. आजोबांनी तो हसत हसत कापला, पण सुनेने पैसे परत मागितले. तेव्हापासून मालकीणबाईंनी हा नियम घातला. मला तो फार आवडतो. जगात सगळ्याच गोष्टी अशा वाचून दाखवायची सोय असती, तर किती काळजी कमी झाली असती.

गल्ल्यावर ज्या बसतात त्यांना सगळे खजिनदार म्हणतात. संध्याकाळच्या वर्गात त्या फ्रेंच शिकतात. आज दुपारी त्या चिठ्ठी घेऊन आत आल्या. फोनवर ऑर्डर आली म्हणाल्या. अर्धा किलो, पांढरे क्रीम, मजकूर फ्रेंच.

"वाचते हं. झ तेम."

मी अर्थ विचारला. अर्थ माहीत नसलेले मी लिहीत नाही.

"मी तुझ्यावर प्रेम करते," त्या म्हणाल्या. मग चिठ्ठीकडे बघत म्हणाल्या, "किंवा करतो. त्यांच्यात दोन्हीला एकच."

मी अक्षरे चिठ्ठीवरून एकेक करून उतरवली आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवली. हे वाक्य मी आयुष्यात कोणत्याच भाषेत मोठ्याने उच्चारलेले नव्हते. कान तापले. भट्टीजवळ उभा होतो, म्हणूनही असेल.

"बरोबर?" मी विचारले.

"अक्षरं बरोबर आहेत. वाचलंत मात्र वीजबिल वाचल्यासारखं. पुन्हा वाचा."

पुन्हा वाचले.

"आता बरं," म्हणाल्या आणि निघून गेल्या. 'बरोबर' म्हणाल्याच नाहीत. दोरी बांधावी की नाही, या विचारात बराच वेळ गेला.

दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी केक न्यायला कोणी आले नाही. क्रीमचा केक रात्रभर टिकत नाही. न नेलेला केक कामावरच्यांनी वाटून खायचा, अशी इथली पद्धत. सुरी खजिनदारांनीच चालवली. मामांना कडेचा कोरा तुकडा दिला आणि अक्षरांचा सगळा भाग माझ्या बशीत घातला.

मी म्हटले, "एवढी अक्षरं मलाच का?"

"ज्यानं लिहिलं त्यानंच निस्तरावं," त्या म्हणाल्या.

मामा उगाचच खोकले. त्या गृहस्थाने पैसे भरून केक का नेला नाही, हे मनात घोळत राहिल्याने घास नीट उतरला नाही.

५ मार्च, बुधवार

आज मालकीणबाई आल्या आणि आल्या आल्या गल्ल्यावरच्या फोनवर चिडल्या. दुरुस्तीवाला अजून फिरकलाच नाही म्हणे. मग त्यांनी खजिनदारांना बाजूला घेतले. दुसऱ्या गावी नवे दुकान निघते आहे, तिथला गल्ला यांनी सांभाळावा, असे त्यांचे म्हणणे. महिनाअखेरीपर्यंत हो किंवा नाही सांगायचे.

खजिनदार गेल्या तर.

वाक्य पुरे केले नाही, हे मला दिसते आहे. ते पुरे करायला शब्द सापडत नाहीत. या वहीत लिहायला हरकत नाही, म्हणून लिहितो: त्या मला आवडतात. नोटा मोजताना त्या ओठ हलवतात आणि कोणी बोललेच तर एक बोट वर करून थांबवतात. ते बोट मला आवडते.

दुपारी चहाच्या वेळी त्या स्वतःच म्हणाल्या, "तिकडे जायचं माझ्या मनात नाही. पण इथे राहायला तरी काही कारण हवं ना."

मी पुष्कळ विचार केला आणि म्हणालो, "इथे बसथांबा जवळ आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितले. मग म्हणाल्या, "हो. तेही आहेच."

माझा मुद्दा त्यांना पटला असे वाटते.

८ मार्च, शनिवार

पुन्हा त्याच गिऱ्हाइकाचा फोन. पुन्हा अर्धा किलो. या वेळी मजकूर: मों पती शू.

खजिनदार अर्थ सांगणार इतक्यात पुढे गिऱ्हाईक आले आणि त्या गेल्या. मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून प्रवाशांसाठीचे फ्रेंच शब्दांचे एक पुस्तक आणून ठेवले होते. त्यात बघितले. मों पती म्हणजे माझा छोटा. शू म्हणजे कोबी.

माझा छोटा कोबी.

गिऱ्हाईक भाजी पिकवणारे असावे, असे वाटले. मजकुराला शोभेल अशी नक्षी काढावी, हे मला मामांनीच शिकवले आहे. म्हणून मी हिरवे क्रीम कालवून केकच्या मधोमध एक कोबी काढला. पाने सुटी सुटी, शिरांसकट. खरे सांगायचे तर इतका चांगला कोबी मी पूर्वी काढलेला नव्हता.

खजिनदार वाचून घ्यायला आत आल्या आणि केकपुढे उभ्या राहिल्या. आधी त्यांचे खांदे हलू लागले. मग त्या पिठाच्या पोत्यावर बसल्या. मग पदराने डोळे पुसू लागल्या. मामा धावत आले, त्यांना वाटले कोणी गेले.

"लाडानं म्हणतात हो तसं," त्या कशाबशा म्हणाल्या. "आवडत्या माणसाला."

"कोबी?"

मामांनी खुलासा केला. आपण सकाळी पोकळ भाजून ज्यांच्यात मलई भरतो, त्या गोळ्यांनाही जुने कारागीर शूच म्हणत. दिसतात कोबीसारख्या, म्हणून. "तेव्हा कोबी म्हण नाहीतर मलईगोळी म्हण, लेखकमहाराज. खाणाऱ्याला गोड लागल्याशी कारण."

मी कोबी खरवडून काढतो म्हणालो. खजिनदारांनी माझा हात धरला. "राहू दे तो. वाचा."

हात धरलेला असताना मी वाचले. या वेळी त्या लगेच 'बरोबर' म्हणाल्या.

तोही केक कोणी नेला नाही. कोबी माझ्या बशीत आला.

आता माझी शंका लिहितो. फ्रेंच जाणणारे, प्रेमाचे मजकूर सांगणारे, आणि केक न्यायला न येणारे हे गिऱ्हाईक म्हणजे त्यांच्या वर्गातलेच कोणीतरी असणार. केक न्यायचा नाहीच, तो गल्ल्यापाशी पोचवायचा, म्हणजे खजिनदारांना मजकूर कळेल, असा त्याचा डाव आहे. आणि मूर्खासारखा तो डाव मी माझ्या हाताने, शुद्ध लिहून, पुरा करतो आहे.

११ मार्च, मंगळवार

फ्रेंच शिकायचे ठरवले आहे. त्याला जे येते ते मला यायला हवे. मराठीत सांगायचे म्हटले तर वाक्य सुरूच होत नाही. परक्या भाषेत निदान आपण बोललो असे पूर्ण वाटत नाही.

आमच्या जिन्याखालच्या खोलीत एक दरवानआजोबा राहतात. एका मोठ्या हॉटेलच्या दारात त्यांची उमर गेली. फी म्हणून एक बिस्किटांचा पुडा ठरला.

"मला फक्त दारातलं फ्रेंच येतं," त्यांनी आधीच सांगितले. "पण घाबरू नकोस. प्रेमातलं महत्त्वाचं सगळं दारातच बोलतात. आत गेल्यावर माणसं जेवायचं काय ते बोलतात."

त्यांनी भेटायचे, निरोपाचे आणि गाडीत बसता बसता भांडायचे शब्द शिकवले. मग म्हणाले, "आणि ती माणसं आवडत्या बाईला पिसू म्हणतात. मा प्यूस. माझी पिसू."

"बाई रागावत नाही?"

"लाजते."

मी ते वहीत लिहून घेतले आणि पुढे लिहिले: वापरू नये.

१४ मार्च, शुक्रवार

दोन दिवस तापाने घरी होतो. ताईने उठू दिले नाही. आज गेलो तर खजिनदार म्हणाल्या, "या. तुमच्या मागे मामा केकवर लिहीत होते. एका मुलीच्या नावाला शेपूट आलं."

"वाचून घेतलं नाही?"

"घेतलं ना. मामा म्हणाले, शेपूट मुकाट्यानं वाचायचं असतं."

थोड्या वेळाने त्या नवी चिठ्ठी घेऊन आल्या. तेच गिऱ्हाईक. मजकूर: तु म मांक.

"याचा अर्थ जरा वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "आपण म्हणतो, मला तुझी आठवण येते. ते म्हणतात, तू मला उणा पडतोस. म्हणजे तू इथे नसलास की माझ्यातलंच काहीतरी कमी होतं."

बोलण्याच्या ओघात त्या 'पडतोस' म्हणाल्या. 'पडतेस' म्हणायला हवे होते. दमल्या असाव्यात. मी दुरुस्त केले नाही.

मी लिहिले आणि वाचले. वाचताना त्यांनी डोळे मिटले होते, उच्चार तपासत असाव्यात. बराच वेळ 'बरोबर' म्हणाल्या नाहीत, तेव्हा मी दोनदा आणखी वाचले.

मामा भट्टीकडून म्हणाले, "गिऱ्हाईक कुणाची आठवण काढतंय म्हणे?"

"मला काय ठाऊक," खजिनदार म्हणाल्या. "मी फक्त ऑर्डर घेते."

माझा तर्क असा: तो गृहस्थ दोन दिवस गावाला गेला असावा. बुधवारी-गुरुवारी त्याची ऑर्डर आली नाही, यावरून हे जुळते. परगावी राहून त्याला यांची आठवण आली, हे उघड आहे. त्याच्याबद्दल मला राग यायला हवा, पण तापातून उठल्यामुळे असेल, वाक्य मला आवडले. उणा पडणे. खजिनदार नसलेल्या दुकानाची मी कल्पना केली आणि गल्ला, तराजू, पावांची फळी सगळे जागच्या जागी असूनही काहीतरी उणे दिसले.

केक खाताना त्या म्हणाल्या, "ताप उतरला ना नक्की?" आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. त्यांच्या हाताला नाण्यांचा वास येतो.

२२ मार्च, शनिवार

आज माझे काहीतरी चुकले. काय, ते कळत नाही, म्हणून घडले तसे लिहितो.

चौथी ऑर्डर. खजिनदार आत आल्या, पण चिठ्ठीवर मजकूर नव्हता.

"गिऱ्हाईक म्हणतं, या वेळी काय लिहायचं ते लेखकानं ठरवावं."

"मी? कोणासाठी आहे, ते तरी कळायला हवं."

"समजा, माझ्यासाठी आहे."

माझ्या हातातली पिशवी दाबली गेली आणि कट्ट्यावर क्रीमचा ढीग झाला. म्हणजे माझा संशय खरा होता. गृहस्थाचा केक यांच्यासाठीच असतो, हे त्यांनी आता स्वतःच्या तोंडाने सांगितले. आणि त्याचे प्रेमपत्र मी लिहायचे, तेही माझ्या मनाचे? हा तर विश्वासघात झाला. पैसे त्याचे आणि मजकूर माझा, हे कोणत्याच नियमात बसत नाही.

"मजकूर गिऱ्हाइकानंच द्यायला हवा," मी म्हणालो.

"गिऱ्हाइकानं बरंच दिलंय आजवर," त्या म्हणाल्या. "आता त्याला उत्तर हवंय."

मी पुष्कळ वेळ केकपुढे उभा होतो. माझ्या मनात होते ते लिहिले असते तर त्या गृहस्थाच्या नावावर गेले असते. शेवटी दोन्ही बाजूंनी प्रामाणिक राहील असा एकच शब्द सुचला. तो वळणदार अक्षरांत लिहिला आणि त्यांना बोलावून वाचून दाखवला: "शुभेच्छा."

त्या केककडे बघत राहिल्या. "शुभेच्छा," त्यांनीही वाचले. "बरोबर. शुद्धलेखन तर अगदीच बरोबर."

बोलल्या हळू, पण मामांनी भट्टीचे दार उघडून ठेवले असते तरी इतका चटका बसला नसता.

संध्याकाळी केक कापला नाही. डोके दुखते म्हणून त्या लवकर गेल्या. मी आणि मामा दोघेच होतो. मामा म्हणाले, "खा आता. तुझ्या शुभेच्छा तूच खा."

२४ मार्च, सोमवार

मामांनी सांगितले, खजिनदार बहुतेक जाणार. मालकीणबाईंना 'बहुतेक हो' म्हणून सांगितले, पक्के एकतीस तारखेला सांगणार आहेत.

आज त्यांनी मला एकूण सहा मजकूर वाचून दाखवले. सगळे वाढदिवसाचे. सगळ्यांना पहिल्याच खेपेला 'बरोबर' म्हणाल्या. एकदाही 'पुन्हा वाचा' म्हणाल्या नाहीत. काम इतके बिनचूक पूर्वी कधी झाले नव्हते आणि इतके वाईटही कधी वाटले नव्हते.

२६ मार्च, बुधवार

ताईला सगळे सांगितले. ती शर्टाला बटण लावत होती.

"तो गृहस्थ दिसतो कसा?" तिने विचारले.

"पाहिला नाही. फोनवर ऑर्डर देतो."

"फोन कोण घेतं?"

"खजिनदार."

"पैसे द्यायला कोण येतं?"

"येत असेल कोणीतरी. मी आत असतो. गल्ल्यात जमा असतात, हे मात्र नक्की."

"आणि केक कोण खातं?"

"नियमाप्रमाणे आम्हीच."

ताईने दोरा दाताने तोडला. तिच्या चेहऱ्यावर असे काहीतरी होते की मला वाटले सुई टोचली. "तुला लहानपणी," ती म्हणाली, "लपाछपीत राज्य आलं की तू सगळ्यांत आधी आकडे बरोबर मोजलेत ना, ते पुन्हा मोजून बघायचास. तोवर बाकीचे घरी जाऊन जेवायचे."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. एकतीस तारखेच्या आत मोजून संपव म्हणजे झालं."

संबंध अजूनही लागलेला नाही. पण एकतीस तारखेचे तिचे म्हणणे खरे आहे.

२८ मार्च, शुक्रवार

वाक्य तयार केले. पुस्तकातून आणि आजोबांकडून मिळालेले सगळे चांगले शब्द त्यात घातले आणि जिन्याखाली जाऊन म्हणून दाखवले. आजोबांनी चहात बिस्कीट बुडवले होते. ते ऐकता ऐकता तुटून बुडाले.

"काय काय घातलंस रे त्यात?"

"झ तेम आहेच. पुढे बियाँ घातलं. बियाँ म्हणजे चांगलं. नुसतं प्रेम कसं सांगायचं, चांगलं प्रेम म्हणावं. त्यापुढे आदराचे दोन शब्द, आणि शेवटी तसदीबद्दल क्षमा."

"बियाँ लावलंस की संपलं. मग त्याचा अर्थ, तू बरा माणूस आहेस, कधीतरी चहाला ये. इतकाच उरतो. दारात मी हे हजार वेळा ऐकलंय. ज्यांनी बियाँ लावलं त्यांच्या गाड्या वेगवेगळ्या आल्या."

"शब्द वाढवले तर प्रेम कमी होतं?"

"तू क्रीममध्ये पाणी घातलंस तर वाढतं, की पातळ होतं?"

हे मला लगेच समजले. पातळ क्रीमचे अक्षर उभे राहत नाही, ओघळते. म्हणजे दोनच शब्द म्हणायचे. पण दोनच शब्द म्हटले तर त्यांच्यामागे लपायला जागा उरत नाही. माझ्या अडचणीचे मूळ नेमके तेच आहे.

३१ मार्च, सोमवार. रात्री जेवणाआधी.

ताई जेवायला बोलावते आहे, तरी आधी हे लिहितो. अक्षर वाईट येईल, पण शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळपासून मालकीणबाई दुकानात येऊन बसल्या होत्या. दुपारनंतर खजिनदारांचे उत्तर घेणार होत्या. मी आत क्रीम फेटत विचार करत होतो. तो गृहस्थ फोनवरून जे सांगू शकतो, ते मला समोर उभे राहून सांगता यायला हवे. तो गिऱ्हाईक म्हणून सांगतो. मग मीही गिऱ्हाईक का होऊ नये? गिऱ्हाइकाने मजकूर द्यायचा असतो. नियमातच आहे. कोणालाही विश्वासघात वाटायला नको.

मी एप्रन काढून खुंटीला लावला. मागच्या दाराने बाहेर पडलो, गल्लीतून वळसा घातला आणि पुढच्या दाराने दुकानात शिरलो. दारावरची घंटा वाजली. तिचा आवाज बाहेरच्या बाजूने इतका मोठा येतो, हे मला माहीत नव्हते. पाव घेणाऱ्या एका आजी पुढे होत्या. मी त्यांच्या मागे उभा राहिलो.

खजिनदार नोटा मोजत होत्या. मला बघून त्यांचे ते बोट वर झाले आणि तसेच राहिले.

"आत काही सांडलं का?"

"ऑर्डर द्यायची आहे."

आजींनी वळून पाहिले. मग काय वाटले कोण जाणे, त्या आपणहून बाजूला झाल्या आणि मला पुढे व्हा म्हणाल्या.

खजिनदारांनी चिठ्ठी ओढली. "वजन?"

"अर्धा किलो. पांढरं क्रीम."

"मजकूर?"

गल्ल्याच्या काचेकडे मी एरवी आतून बघतो. या बाजूने तिच्यात माझाच चेहरा दिसत होता, घाबरलेला. त्याच्या पलीकडे त्यांचा. मी दोन्हीकडे बघून दोनच शब्द म्हणालो.

"झ तेम."

पुढे काही लावले नाही. लावावेसे फार वाटले. क्षमासुद्धा मागितली नाही.

त्यांनी लिहून घेतले. लिहायला इतका वेळ लागणारा तो मजकूर नाही. मग मान वर करून म्हणाल्या, "वाचून दाखवते." आणि वाचले, "झ तेम." चिठ्ठीकडे न बघता वाचले. "बरोबर?"

"पुन्हा वाचा," मी म्हणालो. हे माझ्या तोंडून कसे निघाले, मला सांगता येत नाही.

त्यांनी पुन्हा वाचले.

"अहो, मला दोन पाव द्या," आजी म्हणाल्या, "आणि मग बसा दिवसभर वाचत."

त्यांनी पाव दिले, सुटे पैसे दिले, आणि माझ्याकडे वळल्या. "कोणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"न्यायला कोण येणार?"

"कोणी नाही. इथेच खायचा आहे." मग सरळ उभा राहून मी बोललो, "त्या दुसऱ्या गृहस्थांना वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. त्यांच्या फोनची मला अडचण होते."

आत भट्टीपाशी काहीतरी धाडकन पडले. मामा दारात आले. त्यांच्या हातात नुसते उलथणे होते. "लेखकमहाराज," ते म्हणाले, "हा फोन बिघडून महिना होऊन गेला."

मी फोनकडे बघितले. त्याची वायर गुंडाळून त्यावरच ठेवलेली होती. वर धूळ होती. मी रोज त्या बाजूने जात असेन, पण वायरवर काही लिहिलेले नसते, त्यामुळे वाचलेले नव्हते.

"मग ऑर्डर कोण…" मी म्हणालो, आणि त्या क्षणी ताईचा चेहरा तसा का झाला होता, मामा का खोकले, 'पडतोस' का 'पडतोस' होते, हे सगळे एकदम माझ्या अंगावर आले. लाजेने आधी खाली बघितले. मग वर बघितले, तर त्याही खाली बघत होत्या.

"कोबी काढलात तेव्हाच हात टेकले होते मी," त्या म्हणाल्या. "पण शुभेच्छा जरा जास्त झाल्या."

मालकीणबाई खुर्चीत बसून हे सगळे ऐकत होत्या. त्यांनी चष्मा पुसला. "माझं काय? जाणार की नाही?"

"कशी जाऊ," खजिनदार म्हणाल्या. "इथली बाकी वसूल व्हायची आहे."

"कुणाची?"

"एका गिऱ्हाइकाची."

मालकीणबाई म्हणाल्या, नव्या दुकानासाठी मग दुसरे कोणी शोधावे लागेल, आणि हा फोन आजच्या आज दुरुस्त झाला पाहिजे.

मी वळसा घालून आत आलो, एप्रन बांधला आणि माझीच ऑर्डर लिहायला घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओळ वाकडी आली. खजिनदार वाचून घ्यायला आल्या. मी वीजबिलासारखे वाचले नाही. दोरी बांधायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांनी 'बरोबर' म्हटले की नाही, तेही पाहिले नाही. या वेळी अक्षरे निम्मी निम्मी वाटली. मामांना मधली नक्षी दिली.

हिशोब:

खर्च. फ्रेंच शब्दांचे जुने पुस्तक, चाळीस. दरवानआजोबांना बिस्किटांचे पुडे, एकूण छत्तीस. आजच्या केकची अर्धी रक्कम आगाऊ, नियमाप्रमाणे, दीडशे.

देणे. आजच्या केकची उरलेली अर्धी रक्कम, दीडशे. शिवाय न नेलेल्या चार केकांचे बाराशे, खजिनदारांना. हे मी दुकान बंद करतानाच द्यायला काढले होते. त्यांनी बोट वर केले. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "ते राहू दे. बाकी असली की गिऱ्हाईक परत येतं."